घोळीचं पोट तू रिकामं ठेवलंस

नलू,

तुझी टोपली धुऊन पडवीत पालथी घातली आहे. कोंबडीची पिसं निघाली, खवलं निघाली. वास अजून येतो, पण तो माझ्या घरातल्या सगळ्याच वस्तूंना येतो.

गावच्या शाळेतल्या नव्या बाई घरी आल्या होत्या. शनिवारी मुलांना बसवून तुझी आठवण काढायची आहे, तुम्ही दोन शब्द लिहून द्या, आम्ही वाचून दाखवू, म्हणाल्या. मी म्हटलं, माझं अक्षर कावळा चिखलातून चालल्यासारखं आहे. त्या म्हणाल्या, चालेल. तू कुठे कुठे नोकरी केलीस, किती बदल्या झाल्या, हे त्यांच्याकडे लिहिलेलं आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल गोड बोलले. जी माणसं तुला कचरेवाली बाई म्हणायची, तीच डोळे पुसत होती. मीही तुला कचरेवाली म्हणायची, पण तोंडावर. म्हणून जे सांगायचं ते तुलाच सांगते. मुलांनी ऐकलं तर ऐकू दे.

नोकरी संपवून तू गावात परत आलीस आणि आय-बाबांच्या घराचं कुलूप काढलंस, तेव्हा मला बरं वाटलं होतं. बोलले नाही. तुला म्हटलं, कौलं बघून घे, गळतात. मला वाटलं, आता दोघी म्हाताऱ्या दुपारी ओट्यावर बसू, चहा पिऊ, लोकांना नावं ठेवू. तू पहिल्याच महिन्यात शाळेतली पंधरा-वीस पोरं गोळा केलीस आणि दर शनिवारी गोणी घेऊन किनाऱ्यावर जायला लागलीस. मला वाटलं, फोटो काढतील आणि संपेल. संपलं नाही. तुझ्या अंगणात बाटल्यांची बुचं रंगाप्रमाणे वेगळी झाली. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत पडल्या. तुटलेले थर्माकोल, औषधांची पाकिटं, दोऱ्या. आणि चपला. दर्या एका पायाची चप्पल आणून टाकतो, जोडी कधी आणत नाही. तुझ्या अंगणात साऱ्या गावाला पुरतील एवढ्या चपला होत्या आणि घालायला एक जोड निघत नव्हता.

त्या कचऱ्यातून तू पोरांकडून मोठाले मासे बनवून घ्यायचीस. पहिला पापलेट केला तेव्हा मी सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन बोयसरच्या बाजाराला निघाले होते. बांबूच्या कामट्यांवर दुधाच्या पिशव्या ताणून बसवल्या होत्या. चमक बरोबर आली होती. तोंड मात्र हे एवढं आ वासलेलं, दातांसकट.

मी कुंपणाबाहेरूनच विचारलं, "ह्यो कोन? पापलेट हाय का बोंबील?"

पोरं हसली. तू म्हणालीस, "एवढं कळतं तर आत येऊन सांग."

"मला बाजार गाठायचा हाय."

"मग जा. आमचा पापलेट बोंबलाच्या तोंडानं जगेल."

मी पाटी उतरवली. पापलेटचं तोंड किती बारीक असतं ते दाखवलं. मग एका पोरीने बोंबलाचं विचारलं, तर बोंबील वाळत घालताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात कसा अडकवायचा, ते दोन चपला घेऊन दाखवलं. पोरांची आई-आजी हेच काम करते, पण पोरं कधी तिथे बसून बघत नाहीत. माझी बस गेली. सुकट परत घरी आणली. सुनेला सांगितलं, बसच आली नाही. तुला मात्र पुढच्या वेळी सांगितलं, तुझ्यापायी बाजार बुडाला, आता बोलवू नकोस. तू बोलवत राहिलीस. तू दहा वेळा बोलवल्यावर मी एकदा यायची आणि येताना कपाळाला आठी घालून यायची. ती आठी खोटी होती. तुला कळत असणार, तू मास्तरीण होतीस, खोटी पोटदुखी तुला रोज बघायला मिळायची.

केळव्याला मासे मांडायला नेलेस, ते आठवतं? टेम्पोत तीन मासे, मागे पोरं, आणि कोपऱ्यात माझी सुकटीची पाटी. मी काही तुझे मासे बघायला आले नव्हते, रविवारी तिथे मुंबईची माणसं येतात, सुकट खपते. माणसांनी तुझ्या माशांसमोर उभं राहून फोटो काढले. एका बाईने पोराला पापलेटजवळ उभं केलं, फोटो काढला, आणि पोराच्या हातातलं वेफरचं पाकीट तिथेच वाळूत पडलं. मी तुला हाक मारून दाखवलं.

"बघ. हेच शिकले."

तू म्हणालीस, "उद्या पोरं उचलतील."

"आनि परवा?"

"परवा पण."

"म्हंजे जल्मभर झाडूच मारनार तू."

तू हसलीस. मग तिथल्या माणसांना माशांची माहिती सांगायला लागलीस, आणि सांगता सांगता माझ्याकडे बोट केलंस. "ती सुकट विकतेय ना, ती माझी बहीण. माझी पहिली बाई ती. ओहोटीला ओल्या वाळूत शिंपल्याने अक्षरं काढून तिनं मला शिकवलं." सगळी माणसं वळून बघायला लागली. मी पदर तोंडावर घेतला. परत येताना टेम्पोत तुला बोलले, माझं गिऱ्हाईक पळवलंस, लोक सुकट घ्यायचं सोडून तोंड बघत बसले. नलू, त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त सुकट खपली होती. आणि तू ते बोललीस ते मला आवडलं होतं. इतक्या वर्षांनी तुला ती शिंपली आठवत होती. मला वाटलं होतं, मलाच आठवते.

आपलं एक भांडण राहून गेलं. मी म्हणायची, खाडीला वास येतो, भरतीबरोबर फेस येतो, कुठल्या कारखान्याचं पाणी कुठून येतं ते कुणी सांगत नाही. आधी किनाऱ्याजवळ मिळायची ती मासळी आता आपली पोरं लांब जाऊन आणतात, तरी मिळत नाही. आणि तू पोरांना बुचं वेचायला लावतेस. मोठ्यांचं मोठं पाप राहिलं बाजूला.

तू म्हणालीस, "पोरांच्या हाताला जेवढं लागतं तेवढंच मी त्यांच्या हातात देऊ शकते, बाय. ते पानी त्यांच्या हाताला लागत नाय."

"मासळीला लागतं."

त्यावर तू गप्प झालीस. माझं म्हणणं अजून तेच आहे, तू गेलीस म्हणून मी ते बदललेलं नाही. पण तू गप्प झालीस तेव्हा मी जिंकले म्हणून चहाचा कप खाली ठेवून निघून आले. बसायला हवं होतं.

आता घोळीचं.

दोन वर्षांपूर्वी तू नवा मासा करायला काढलास, घोळ. पुरुषभर लांब. कामट्यांचा सांगाडा, वरून फाटकं जाळं, जाळ्यावर चपलांचे तुकडे कापून खवलं. मी बघायला आले आणि बोलून बसले, घोळीची सगळी किंमत तिच्या पोटात असते. पोरांनी विचारलं, पोटात काय असतं? मी सांगितलं, बोत. पोटातली हवेची पिशवी. बोतासाठी व्यापारी धावत येतात, बाकीची घोळ म्हणजे नुसतं म्हावरं, साधी मासळी. एक पोरगी म्हणाली, "मग आपल्या घोळीच्या पोटात काय घालायचं?" तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला तेव्हाच उठून जायला हवं होतं, कारण तुझं ते बघणं मला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू टोपली घेऊन बंदरावर आलीस. आम्ही बायका म्हावरं निवडत होतो. माझ्या थोरल्याच्या बोटीचा ढीग, भोवती आम्ही सहा-सात जणी, त्यांत ती गोदीही. गोदीचं तोंड तुला माहीत आहे. बोंबील एकीकडे, मांदेली एकीकडे, जवळा वेगळा, आणि जे नको ते हात मागे करून पाण्यात. आयने आपल्याला तेच शिकवलं. जाळ्यात आलं ते सगळं आपलं नसतं. खायचं तेवढं ठेवायचं, बाकी दर्याचं दर्याला. बारका खेकडा, शेवाळ, दगड, काही घरी न्यायचं नाही, नेलं तर दर्या मागायला येतो. मी सात वर्षांची असल्यापासून माझा हात हे करतो. त्या हाताला पिशवी लागली तर पिशवी मागे जाते, बाटली लागली तर बाटली. त्यात विचार नसतो.

तू टोपली माझ्या गुडघ्याशी ठेवलीस. "बाय, म्हावरं तुझं, पिशव्या माझ्या. पाण्यात टाकू नकोस, ह्यात टाक. पोरांना कळू दे, किनाऱ्यावर येतं ते थोडं, खरं आत हाय. त्यांच्या बापाच्या जाळ्यात येतं."

मी म्हटलं, "दर्याचं दर्याला देतो आमी."

"आयच्या वेळी हे दर्याचं नव्हतं."

"जाळ्यात आलं ते दर्याचं."

"नाय, बाय. हे आपलं हाय. आपन त्याच्या घरात टाकलंय."

बायका निवडायच्या थांबल्या होत्या. तुझं म्हणणं बरोबर होतं, एवढं कळायला चौथीसुद्धा लागत नाही. पण सहा बायकांसमोर धाकट्या बहिणीने मला माझं काम शिकवावं, हे मला झेपलं नाही. मी टोपली पायाने सरकवली आणि म्हटलं, "मास्तरीण झालीस नि शेवटी कचराच वेचायला आलीस."

गोदी हसली. दुसऱ्याही हसल्या. तिथे थांबले असते तरी चाललं असतं, तू असलं रोज ऐकायचीस. मी पुढे म्हटलं, "ह्याच्यासाठी मी शाळा सोडली?"

मग कुणी हसलं नाही.

माझी चौथी झाल्यावर बाबा म्हणाले होते, एकीनेच शाळेत जायचं, एक आयच्या हाताखाली. हुशार मी होते की तू, ते कुणी तपासलं नाही. तुला भरली टोपली उचलता येत नव्हती, मला येत होती, एवढंच. मी ते कधी काढलं नव्हतं. तूही नाही. तू पहिला पगार झाल्यावर मला निळं लुगडं आणलंस तेव्हासुद्धा दोघींपैकी कुणी तो विषय काढला नाही. आणि इतक्या वर्षांनी, माशांच्या ढिगाशेजारी, गोदीसमोर, मी तो तुझ्या तोंडावर मारला.

तू म्हणालीस, "टोपली राहू दे हितं." आणि गेलीस. चालताना वाळूत तुझा पाय रुतत होता. तेवढं बघितलं आणि मी पुढचा बोंबील उचलला.

ते वाक्य खोटं होतं, नलू. तू शिकलीस ह्याचं मला वाईट वाटलं नाही, एक दिवस नाही. बोयसरच्या बाजारात कुणी हिंदीत घासाघीस करायला लागलं की मी म्हणायची, मला फसवू नका, माझी बहीण मास्तरीण आहे. त्या गिऱ्हाइकांना मास्तरीण कुठल्या गावची, काही माहीत नसायचं, तरी सांगायची. पालघरला तुम्हा शिक्षकांची सभा एकदा बाहेरून बघून आले होते, ह्या एवढ्या माणसांत माझी नलू कुठली ते ओळखायला. हे सगळं मी परक्यांना सांगितलं. तुला सांगायचं राहिलं.

टोपली मी घरी आणली. बंदरावर टाकून येणं बरं दिसलं नसतं. चांगली विणीची टोपली, तिचं काय करायचं म्हणून त्यात भात्याणाचा पेंढा घालून कोंबडी अंड्यांवर बसवली. तू चार दिवसांनी आलीस, जणू काही झालंच नाही अशी, आणि पडवीत टोपलीतली कोंबडी बघितलीस. मला वाटलं, आता तरी रागावशील. तू म्हणालीस, "बरं झालं. काहीतरी उबवतेय ती." आणि हसलीस. तू रागावली असतीस तर मीही चार शब्द बोलले असते, त्यात एखादा खरा निघाला असता.

दोन वर्षांत त्या टोपलीत चार वेळा कोंबडी बसली. तुझी घोळ तुझ्या पडवीत टांगलेली असायची, डोकं पुरं, शेपूट पुरी, पोटाच्या जागी नुसत्या कामट्या. मी येता-जाता टोचायची, "तुझी घोळ उपाशी मरनार."

"थांबलीय ती," तू म्हणायचीस.

कुणासाठी थांबलीय, हे मी विचारलं नाही.

मग तू अंगणात पडलीस आणि आम्ही तुला बोयसरला इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन आले. तुझ्या तोंडावरची नळी नर्सने थोडा वेळ काढली होती. तुला बोलायला त्रास होत होता, तरी तू विचारलंस, "कोंबडी उठली का ग?"

तू टोपलीचं विचारत होतीस. मला तेव्हाच कळलं. तुला कोंबड्यांची आवड कधीच नव्हती, अंडंसुद्धा खायची नाहीस. मला कळलं, आणि मी म्हटलं, "नाय. अजून चार दिवस." आणि पेजेचा चमचा पुढे केला. तू दोन चमचे घेतलेस. तिसऱ्याला मान फिरवलीस.

चार दिवस तू थांबली नाहीस.

पिल्लं निघाली ती तुझ्या पाचव्याला. नऊ निघाली. कोंबडी त्यांना घेऊन अंगणात गेली आणि टोपली रिकामी झाली. ती तशीच दिसत राहायची. सुनेने चुलीजवळ लाकडं ठेवायला मागितली, दिली नाही.

तेराव्यानंतर तुझी ती साक्षी आली, पाचवीतली, जिने पोटात काय घालायचं म्हणून विचारलं होतं. दारात उभी. तिला वाटत होतं, मी ओरडेन. गावातल्या सगळ्या पोरांना वाटतं.

"बाय, घोळीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? तुमीच केली, तुमीच पुरी करा."

"पोट नाय करायचं आमी. बाईंनी सांगितलंय, पोटाला कोनी हात लावायचा नाय. ते बायचं काम हाय."

"कदी सांगितलं?"

"नेहमीच सांगायच्या. आमी कंटाळलो की म्हनायच्या, थांबा, बाय येनार हाय."

मी तिला खोबऱ्याचा तुकडा देऊन घरी पाठवलं.

काल सकाळी टोपली घेऊन बंदरावर गेले. ढिगाशेजारी ठेवली. गोदीने बघितलं आणि म्हणाली, "काय बाय, आता तू पन शाळेत जानार?"

मी म्हटलं, "चौथी झालीय माझी. पाचवीला बसते."

ती हसायला तोंड उघडून पुन्हा ढिगाकडे वळली.

खरं सांगते, पहिली मूठ पाण्यातच गेली. बसले, हात ढिगात घातला, तेलाची पिशवी लागली आणि हात आपोआप मागे गेला. वळून बघितलं तर पिशवी तरंगत चालली होती. आणायला उतरले नाही, माझे गुडघे आता पाण्यात टिकत नाहीत. दुसरी पिशवी टोपलीत टाकली. मग बाटली. मग जाळ्याचा गुंता, त्यात अडकलेला मेलेला खेकडा सोडवला, खेकडा पाण्यात, गुंता टोपलीत. हाताला प्रत्येक वेळी सांगावं लागत होतं. थोड्या वेळाने गोदीने माझ्याकडे न बघता एक चप्पल टोपलीत भिरकावली. मग तिच्या पलीकडच्या बाईने काहीतरी टाकलं.

म्हावरं निवडून झालं तेव्हा टोपली वर शीग येईपर्यंत भरली होती. एका बोटीची, एका सकाळची. मी ती डोक्यावर घेऊन तुझ्या अंगणात गेले. शाळा सुटल्यावर पोरं आली. साक्षीने मला खाली बसवलं, आणि मी एकेक वस्तू देत गेले आणि पोरांनी ती कामट्यांच्या आत ठेवली, वरून जाळं शिवलं. शिवण मीच घातली, जाळ्याची गाठ त्यांना येत नाही. शिकवीन.

पोट भरून टोपलीत थोडं उरलंसुद्धा. पोरं आनंदाने ओरडली, घोळ पुरी झाली. मी तुझ्या ओट्यावर बसून राहिले.

दोन वर्षं तू माझ्यासाठी ते पोट उघडं ठेवलंस. एका सकाळचं काम होतं, नलू.